आधी बर्फ मोजा, मग मासा: मिनेसोटात आइस फिशिंगला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दर डिसेंबरात कोणीतरी नवीन आलेला मला विचारतो, अरे त्या गोठलेल्या तळ्यावर लोक मासे पकडायला तंबू ठोकून बसलेत, काहींनी तर ट्रक नेऊन उभा केलाय, ते बुडत कसे नाहीत आणि आपल्याला जाता येईल का. येईल की. मी चिपळूणचा, लहानपणी वाशिष्ठीच्या काठावर गरी घेऊन बसलेला, तरी इथे अमेरिकेत, मिनेसोटात आल्यावर पहिले दोन हिवाळे मी नुसते खिडकीतून बघण्यात घालवले कारण सांगणारं कोणी नव्हतं, आणि जे यूट्यूबवर सांगत होते त्यांच्याकडे हजारो डॉलरचं सामान. म्हणून हे लिहितोय. सगळं मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या आसपासच्या तळ्यांबद्दल आहे, गाडीने अर्ध्या तासात पोचता येतील अशा. मिल लॅक्स, रेड लेक, लेक ऑफ द वुड्स वगैरे मोठी नावं पहिल्या वर्षी डोक्यातून काढून टाका.

कधी जायचं

मेट्रोतली, म्हणजे या दोन शहरांच्या परिसरातली, छोटी, उथळ तळी साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला चालण्याइतकी गोठतात. मोठी आणि खोल तळी त्यानंतर, मिनेटॉन्काचं मोठं तळं अजून उशिरा. पण तारीख धरून बसू नका. २०२३-२४ चा हिवाळा इतका गरम गेला की जानेवारी आला तरी कित्येक तळ्यांवर धड बर्फ नव्हता. माझी आपली साधी खूण म्हणजे संक्रांत, नॉर्मल वर्ष असेल तर तिळगूळ वाटायच्या सुमारास मेट्रोत पायी जाण्यापुरता बर्फ बरा झालेला असतो, तरी मोजायचा हा असतोच, त्यावर पुढे येतोच.

मासे मात्र सगळ्यात जास्त लागतात ते पहिल्या बर्फाला, ज्याला इथले लोक फर्स्ट आइस म्हणतात. तेव्हा पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, पाणवनस्पती अजून थोड्या हिरव्या असतात आणि मासा काठाजवळ उथळ पाण्यात फिरतो. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत सगळं थंडावतं, मासा खोल जातो आणि तोंडासमोर आमिष नेलं तरी नुसता बघत बसतो. मार्चात परत जोर येतो पण तेव्हा बर्फ बेभरवशाचा. आमच्या घरी वेगळीच अडचण, फर्स्ट आइस नेमका मार्गशीर्षात येतो आणि बायको गुरुवार करते, म्हणजे जे काय पकडायचं ते शनिवारी.

दिवसातली वेळ: सकाळी उजाडताना किंवा संध्याकाळी दिवस बुडताना. डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे शनिवारी जेवून दुपारी दोनला निघालात तरी संध्याकाळची वेळ आरामात साधते, पहाटे पाचला उठायची हौस नसेल तर नका उठू.

लायसन आणि नियम

१६ वर्षं पूर्ण झालेल्यांना फिशिंग लायसन लागतं, उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं एकच. डीएनआरच्या (राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग) साइटवर ऑनलाइन मिळतं. राज्यात ६० दिवस राहून झाले असतील तर रेसिडेंटचं, नाहीतर नॉन-रेसिडेंटचं जे बरंच महाग आहे. आणि इथे नवीन माणूस हमखास फसतो ती गोष्ट म्हणजे लायसनचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीअखेर संपतं. डिसेंबरात काढलेलं लायसन मार्चात चालत नाही. जानेवारीत एक वीकेंड असा असतो की १५ वर्षांपर्यंतच्या पोराला सोबत नेलं तर रेसिडेंट मोठ्यांना लायसनशिवाय फिशिंग करता येतं. नुसतं करून बघायचं असेल तर पोरांना घेऊन त्याच वीकेंडला जा, आपली नसली तर मित्राची उसनी घ्या.

हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात, उन्हाळ्यात एकच. क्रॅपी आणि सनफिश हे इथल्या तळ्यांतले छोटे, चपटे मासे; क्रॅपी दिवसाला १०, सनफिश २० ही राज्याची सर्वसाधारण मर्यादा, पण बऱ्याच तळ्यांवर सनफिशला ५ किंवा १० चीच परवानगी आहे, म्हणून निघायच्या आधी डीएनआरच्या लेकफाइंडर पानावर तळ्याचं नाव टाकून बघा. तिथेच खोलीचा नकाशा मिळतो, कुठले मासे आहेत तेही मिळतं, आणि हे सगळं फुकट आहे. वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक या मोठ्या शिकारी माशांचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटाकडे बंद होतो, सनफिश-क्रॅपी-पर्च चालू राहतात. वॉर्डन खरंच येतो, स्नोमोबाइलवरून येतो, गोड बोलतो आणि बादली उघडून मोजतो.

सामान, कमीत कमी

दुकानात गेलात की डोळे फिरतात. मी पहिल्या वर्षी एका दुकानातल्या सेल्समनच्या नादी लागून तंबू, सोनार (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), दोन महागडे रॉड असं सगळं घेऊन आलो आणि हॅन्ड ऑगर घ्यायचाच विसरलो. बर्फावर उभा, चारशे डॉलरचं सामान आणि भोक पाडायला काही नाही. शेवटी शेजारी बसलेल्या आजोबांनी हसत हसत दोन भोकं पाडून दिली.

पायी जाणाऱ्या नवख्याला लागतं ते एवढंच: सहा इंची हॅन्ड ऑगर म्हणजे बर्फाचं गिरमिट, एक स्पड बार म्हणजे आपल्या पहारीसारखा लोखंडी दांडा, भोकातला चुरा काढायला झारा (त्यांचा मिळतोच, पण मी घरचा पुरीचा झारा नेतो आणि तो उत्तम चालतो), दोन-अडीच फुटी दोन छोटे रॉड, दोन ते चार पाउंड ताण सोसणारी बारीक दोरी, पाचसहा जिग (वजन जोडलेले छोटे गळ), आणि पाच गॅलनची बादली जी बसायला पण होते आणि मासे ठेवायला पण. बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे, कारण स्नो उडून गेलेला बर्फ म्हणजे तेल सांडलेली फरशी. सामान ओढायला पोरांचा प्लॅस्टिकचा स्लेड, म्हणजे घसरगाडी. हे सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आसपास बसतं, आणि वापरलेलं घेतलं तर त्याहून कमी. तंबू आणि सोनार दुसऱ्या वर्षी.

आणि गळ्यात अडकवायचे आइस पिक्स. दोन लाकडी मुठी, टोकाला खिळे, मध्ये दोरी. दहा डॉलरच्या आत येतात. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात. कॉटन घालायचंच नाही, जीन्स तर अजिबात नाही, ओली झाली की पत्र्यासारखी कडक होते. आत थर्मल, मग लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट आणि बिब, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली जाड पँट. बूट एक नंबर मोठे, कारण दोन जोड मोजे कोंबून घट्ट बुटात पाय घातलात तर रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गारठतात. हातमोजे बोटांचे नकोत, मिटन हवेत. आणि आईनं भारतातून पाठवलेली माकडटोपी, जी तुम्ही लाजून कपाटात टाकलीय ना, ती काढा. थर्मासमध्ये चहा, खिशात तिळाच्या वड्या. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, बाहेरच्या खिशात थंडीनं बॅटरी बघता बघता संपते.

बर्फ

आता मुद्द्याचं. आपल्याकडे वरून पडतो तो पण बर्फ आणि फ्रीजमध्ये होतो तो पण बर्फ, एकच शब्द. तळ्यावर हा फरक जिवावर बेतू शकतो म्हणून इथून पुढे मी वरून पडलेल्याला स्नो म्हणतो आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ.

डीएनआरचा आकडा पाठ करा: पायी जाणाऱ्या माणसाला कमीत कमी ४ इंच नवीन, स्वच्छ बर्फ. स्नोमोबाइलला ५ ते ७, छोट्या कारला ९-१०, मध्यम ट्रकला १३ इंच. हे सगळे आकडे काळसर, पारदर्शक, काचेसारख्या बर्फाचे. पांढरा दुधी बर्फ असेल, म्हणजे स्नो ओला होऊन परत गोठलेला, तर त्याची ताकद निम्मी धरायची आणि जाडी दुप्पट मागायची. मार्चातला करडा, छिद्रं पडलेला, मेणबत्तीसारखा उभा फुटणारा बर्फ कितीही जाड असला तरी त्यावर जायचं नाही.

मोजायचं कसं? काठावरून पहिलं पाऊल टाकायच्या आधी पहार जोरात आपटा. एका फटक्यात आरपार गेली तर तिथूनच मागे वळा, आपल्याच पावलांवरून. नाही गेली तर चारपाच पावलं पुढे, परत आपटा. मग ऑगरनं एक भोक पाडा, टेपचं टोक भोकात घालून बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि वाचा. आत जाताना दर दीडशे फुटांवर परत मोजायचं. हो, कंटाळा येतो. पण एकाच तळ्यात इथे सात इंच आणि वीस पावलांवर तीन इंच असं असतं, ते मी स्वतः मोजलंय.

पातळ कुठे असतो ते आधीच माहीत असलेलं बरं. ओढा तळ्याला मिळतो तिथे, पुलाखाली, दोन भाग जोडणाऱ्या चिंचोळ्या पाण्यात (मिनेटॉन्का म्हणजे असेच कितीतरी बे, म्हणजे खाडीसारखे भाग, एकमेकांना जोडलेले आहेत, त्या चॅनलच्या जवळ जाऊच नका), झऱ्यांवर, बदकं-गीज उशिरापर्यंत पोहत होते त्या जागी, आणि एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) लावलेल्या तळ्यांवर जिथे पाट्या असतात. लव्हाळ्यांच्या कडेला पण जपून. आणि स्नो जास्त पडला की बर्फ जाड होतो असं वाटतं ना, उलटं आहे. स्नो म्हणजे गोधडी, ती पांघरली की खालचा बर्फ वाढायचा मंदावतो, शिवाय वजनानं बर्फ दबतो आणि भेगांतून पाणी वर येऊन स्नोखाली चिखलासारखा लगदा तयार होतो. वरून काही कळत नाही, पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि बूट भिजला की त्या दिवसाचं फिशिंग संपलं.

दुसऱ्याचा ट्रक उभा आहे म्हणून आपण जायचं, हा हिशोब चुकीचा. तो माणूस कुठल्या रस्त्यानं गेला ते तुम्हाला माहीत नाही आणि त्यानं मोजलं का तेही नाही. अनुभवी लोकही फसतात, २०२३ च्या डिसेंबरअखेरीस अप्पर रेड लेकवर बर्फाचा भलामोठा तुकडा सुटून शंभरावर माणसं त्यावर वाहत गेली होती, सगळ्यांना सुखरूप काढलं म्हणून ठीक.

पहिल्यांदा गेलात की बर्फ बोलतो. ढुम्म, मग लांबवर वीज कडाडल्यासारखं, कधी पायाखालून सरळ तडा पळत गेल्यासारखा आवाज. माझी तर पळता भुई थोडी झाली होती. पण थंडी वाढते तसा बर्फ वाढतो-आकसतो त्याचा तो आवाज. घाबरायचं ते भोकातून पाणी वर यायला लागलं, किंवा पायाखाली बर्फ वाकतोय असं वाटलं तर.

पडलातच तर. पहिल्या मिनिटात थंडीच्या धक्क्यानं धाप लागते, तेव्हा काहीही करायचं नाही, फक्त डोकं वर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. मग साधारण दहा मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. ज्या बाजूनं आलात त्याच बाजूला वळा कारण तिथला बर्फ मघाशी तुमचं वजन पेलत होता, आइस पिक्स बर्फात रोवा, पोहल्यासारखे पाय मारत पोटावर बाहेर या, आणि उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. डोकं पाण्यावर राहिलं तर थंडीनं बेशुद्धी यायला साधारण तासभर लागतो, त्यामुळे घाबरून धडपडू नका. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून चालायचं, आणि घरी कुठल्या तळ्यावर, कुठल्या बाजूला, किती वाजता परत हे सांगून ठेवायचं.

तंबूत हीटर लावणार असाल तर वरची खिडकी उघडी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भोक कुठे, किती

थंडीत तळ्याचं सगळं गणित उलटं होतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड, म्हणून ते तळाशी बसतं, वर बर्फालगत शून्य आणि खाली चार. मासा आपला गारठून मंद झालेला, पण जिवंत आणि भुकेला.

डिसेंबरात सनफिशसाठी सहा ते बारा फूट पाणी, जिथे खाली वनस्पती आहेत, त्यांच्या बाहेरच्या कडेला. जानेवारीनंतर क्रॅपी तळ्याच्या खोल भागात जातात, वीस ते तीस फूट, आणि तळाशी न बसता मध्येच तरंगत राहतात. मेडिसिन लेक, व्हाइट बेअर लेक, नाहीतर तुमच्या घराजवळचं पार्कातलं तळं, सगळीकडे हेच. लेकफाइंडरचा नकाशा फोनवर ठेवा. आणि लोक एका भोकावर तीन तास बसतात ते करू नका. सुरुवातीलाच पाचसहा भोकं पाडा, उथळापासून खोलापर्यंत एका रेषेत, घाम येईल म्हणून जॅकेट काढून पाडा, आणि वीस मिनिटं काही नाही लागलं तर पुढचं भोक. पहिल्या दिवशी रिकामे हात येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आमिष नाही.

आमिष आणि ओढ

सगळ्यात बारीक जिग, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, टंगस्टनचा असेल तर पटकन खाली जातो. त्यावर एक वॅक्सवर्म, म्हणजे पांढरी गुबगुबीत अळी. पेट्रोल पंपावर नाहीतर बेट शॉपमध्ये डबीत मिळते, डबी आतल्या खिशात ठेवा नाहीतर गोठते (आणि घरी फ्रीजमध्ये ठेवलीत तर डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडे एकदा कोणीतरी क्रीम चीज समजून उघडली). क्रॅपीला दुसऱ्या गळावर छोटा जिवंत मिनो, म्हणजे बोटाएवढा मासा, चांगला चालतो. उरलेले मिनो तळ्यात सोडायचे नाहीत, बेकायदेशीर आहे, आणि तळ्याचं पाणी बादलीत घेऊन जायचं नाही, झेब्रा मसल नावाचा उपद्रवी शिंपला असाच पसरतो.

खोली शोधायला चिमटा असलेलं शिशाचं वजन गळाला लावून तळाला टेकवा, तिथे दोरीवर खूण करा, मग सनफिशसाठी एक फूट वर घ्या. हात स्थिर, अगदी हलकं थरथरवा, थांबा, परत. मासा बहुतेक थांबल्यावरच घेतो. नदीवर कसा खस्सकन हिसका बसतो तसं इथे होत नाही. रॉडच्या टोकाला स्प्रिंग असेल तर ती किंचित वाकते. क्रॅपी तर खालून वर येऊन घेतो, त्यामुळे दोरी ताणायच्या ऐवजी ढिली पडते, आणि नवख्याला वाटतं काही नाही झालं. दोरीत काहीही बदल दिसला की हलकंच उचला. जोरात ओढलंत तर क्रॅपीचं तोंड कागदासारखं फाटतं.

मासा परत सोडायचा असेल तर स्नोवर टाकू नका, उणे तापमानात डोळे आणि कल्ले लगेच गोठतात. आणि तीस फुटांवरून वर काढलेला क्रॅपी सोडला तरी बहुतेक जगत नाही, हवेची पिशवी फुगलेली असते, म्हणून खोल पाण्यात हवे तेवढे पकडायचे आणि थांबायचं.

निघताना सगळा कचरा बरोबर. २०२३ पासून बर्फावर कचरा टाकणं हा वेगळा गुन्हा आहे. मासे अख्खेच घरी आणा, तळ्यावर कापत बसू नका, कुठला मासा किती हे मोजता आलं पाहिजे असा नियम आहे.

घरी

पहिल्या खेपेला चारपाच सनफिश मिळाले तर उत्तम समजा, हाताच्या पंज्याएवढे. इथले लोक दोन्ही बाजूंचे फिले काढतात आणि डोकं, काटा सगळं फेकून देतात, मला बघवत नाही. मी खवले काढून, पोट साफ करून, अख्खाच ठेवतो, दोन्हीकडून चिरा मारतो. गोड्या पाण्यातला मासा म्हणून मीठ जरा सढळ, कोकमाचं आगळ, हळद, तिखट, आलं-लसूण लावून अर्धा तास, मग रवा आणि थोडं तांदळाचं पीठ. सनफिशचं मांस घट्ट आणि गोडसर, क्रॅपीचं मऊ, त्यामुळे क्रॅपी उलटताना जपून. पर्च मिळाला तर नशीब, तो सगळ्यात भारी. पाइकमध्ये इंग्रजी वायच्या आकाराचे काटे फार म्हणून इथले नाक मुरडतात, आपण आमटी करतो, ज्यांनी काटेरी पाला मासा खाल्लाय त्यांना पाइकच्या काट्यांचं काय. पोरं आणि गरोदर बायका असतील तर छोटे मासे द्या, मोठ्या वॉलाय-पाइकमध्ये पारा जास्त साठतो, मिनेसोटाच्या हेल्थ डिपार्टमेंटचा किती खावा याचा तक्ता आहे तो एकदा बघून घ्या.

आणि जेवायला बसायच्या आधी ऑगरची पाती तेवढी पुसून, तेलाचा हात मारून ठेवा. मी पहिल्या वर्षी तशीच ओली गॅरेजात टाकली, पुढच्या डिसेंबरात गंजलेल्या पात्यानं एक भोक पाडायला वीस मिनिटं गेली आणि तोवर शेजारच्या आजोबांचे तीन क्रॅपी बादलीत पडले होते.